झेड ड्राइव्हवरचं फोल्डर उडालं तर

नारायणगाव सोडून पुणे-नाशिक रस्त्याने आळेफाट्याकडे निघालं की पिंपळवंडी लागते. ऊस, कांदा आणि टोमॅटोचा हा पट्टा. अशा गावात आज पतसंस्था असते, दूध संकलन केंद्र असतं, शाळेचं कार्यालय, ग्रामपंचायत, खतांचा विक्रेता, मालाचे पैसे भागवणारा आडत्या असतो. यांतल्या बऱ्याच कचेऱ्यांमध्ये कॉम्प्युटरची मांडणी सारखीच दिसते. टेबलांवर दोन-चार मशीन, एका कोपऱ्यात कधीच न हलवलेलं ‘मेन मशीन’ आणि प्रत्येकाच्या स्क्रीनवर झेड किंवा एक्स अक्षराचा एक ड्राइव्ह. सभासदांच्या याद्या, ठराव, ताळेबंद, दूध बिलं, दाखल्यांचे नमुने सगळं त्यातच असतं. ‘सर्व्हरवर टाक’ असं कुणी म्हणतं तेव्हा ते याच ड्राइव्हबद्दल असतं.

एखाद्या दुपारी कुणी जुन्या फायली आवरायला घेतं. चार फोल्डर निवडायचे असतात, पाचवंही निवडलं जातं आणि डिलीट दाबलं जातं. ‘कायमचं डिलीट करायचं का?’ असा प्रश्न स्क्रीनवर येतो. अशा प्रश्नांना हो म्हणायची बोटांना सवय झालेली असते. थोड्या वेळाने पलीकडच्या टेबलावरून आवाज येतो, “ताई, लेखापरीक्षणाचं फोल्डर दिसत नाहीये हो.” मग सगळे रिसायकल बिन उघडून बघतात. तिथे ते नसतंच.

ते तिथे का नसतं, हे आधी समजून घ्यावं लागतं, कारण पुढचा सगळा शोध त्यावरच चालतो. रिसायकल बिन ही तुमच्या मशीनमधल्या डिस्कसाठी विंडोजने केलेली सोय आहे. त्या डिस्कवरची फाईल डिलीट केली की विंडोज ती त्याच डिस्कवरच्या एका लपवलेल्या फोल्डरमध्ये हलवतं. झेड ड्राइव्ह मात्र तुमच्या मशीनमध्ये नसतो. तो दुसऱ्या मशीनवरच्या एका फोल्डरकडे जाणारा रस्ता असतो. तुम्ही डिलीट दाबता तेव्हा तारेवरून किंवा वायफायवरून त्या मशीनला निरोप जातो की ही फाईल काढून टाक. ते मशीन ती काढून टाकतं. तुमच्या बिनला यातलं काही कळत नाही. मेन मशीनच्या बिनमध्येही ती पडत नाही, कारण तिथे बसून कुणी ती उडवलेली नसते. फाईल जिथे राहत होती तिथेच ती शोधावी लागते. टेबलावरच्या मशीनवर कितीही शोधलं तरी हाती काही लागत नाही.

डिलीट म्हणजे नेमकं काय होतं, तेही पाहू. डिस्कवर फायलींची एक नोंदवही असते. कोणत्या नावाची फाईल डिस्कच्या कोणत्या तुकड्यांवर आहे, हे तिच्यात लिहिलेलं असतं. डिलीट केल्यावर त्या नोंदीवर ‘ही जागा आता मोकळी’ असा शिक्का बसतो, मजकूर मात्र जागच्या जागी राहतो. सात-बाराच्या उताऱ्यावरून नाव कमी झालं म्हणून जमीन हलत नाही, तसंच हे. पण मोकळ्या दिसणाऱ्या त्या जमिनीत दुसऱ्याने नांगर घालून पेरणी केली की आधीचं पीक पुन्हा मिळत नाही. डिस्कवरची पेरणी म्हणजे त्यानंतर सेव्ह होणारी प्रत्येक फाईल, उतरवलेला प्रत्येक फोटो, विंडोजचा प्रत्येक अपडेट.

म्हणून पहिलं काम म्हणजे सगळ्यांचे हात थांबवणं. झेड ड्राइव्हवर उघडलेली कामं आपापल्या मशीनच्या डेस्कटॉपवर सेव्ह करून बंद करा आणि मेन मशीनवर कुणी काही उतरवू नका, असं मोठ्याने सांगायचं. फोल्डर परत मिळेपर्यंत त्या ड्राइव्हवर नवं काही लिहायचं नाही. ज्याच्या हातून डिलीट झालं त्याला त्या क्षणी एक शब्दही रागावू नये, हे मी फार मनापासून सांगतो. यात चांगुलपणाचा भाग आहेच, पण रोखठोक व्यवहारही आहे. ओरडा बसेल या भीतीने नवी क्लार्क मुलगी दोन दिवस गप्प राहिली, तर ते दोन दिवस डिस्कवर लिहिणं चालूच राहतं. तिने दोन मिनिटांत सांगितलं, तर फोल्डर बहुतेक वेळा परत येतं. तिच्याकडून तीन गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्याव्यात: साधारण किती वाजता, कोणत्या फोल्डरमधून आणि कोणत्या मशीनवरून. पुढे प्रत्येक टप्प्यावर त्या लागतात.

यानंतर एक साधी शंका तपासायची. ते खरंच डिलीट झालं आहे का? माउसचं बटण दाबलेलं असताना हात सरकला की एक फोल्डर शेजारच्या फोल्डरमध्ये जाऊन बसतं आणि विंडोज त्याबद्दल काही विचारतही नाही. ‘ऑडिट’ नावाचं फोल्डर ‘आधार’ किंवा ‘इतर’ मध्ये सापडणं हे नेहमीचं आहे. ड्राइव्हच्या अगदी वरच्या पातळीवर जाऊन नावाने शोधावं आणि शोध पूर्ण होऊ द्यावा. मोठ्या ड्राइव्हवर नेटवर्कमधून शोधायला वेळ लागतो आणि अर्ध्यावरच माणसाचा धीर सुटतो. शक्य असेल तर हा शोध मेन मशीनवर बसूनच करावा.

इथे मराठी कचेऱ्यांची एक खास अडचण येते. जुने ठराव आणि इतिवृत्तं श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात. स्क्रीनवर ती मराठी दिसतात, पण फाईलमध्ये आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात. त्यामुळे युनिकोडमध्ये ‘ठराव’ टाइप करून मजकुरात शोधलं तर मशीन ‘काही नाही’ म्हणतं, आणि फाईल मात्र समोरच असते. अशा फायली नावावरून, तारखेवरून किंवा आकारावरून शोधाव्यात. दुसरी अडचण टॅलीची. टॅली प्रत्येक कंपनीचा डेटा पाच-सहा आकडी नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतं. आवराआवर करणाऱ्याला ‘10000’ नावाचं फोल्डर फालतू वाटतं आणि संस्थेची सगळी किर्द त्याच्याबरोबर जाते. टॅलीत कंपनीच दिसेनाशी झाली असेल तर असंच एखादं आकड्यांचं फोल्डर गेलं आहे का, ते आधी बघावं.

तिथेही सापडलं नाही, तर कोपऱ्यातलं ते मशीन नेमकं काय आहे, हे ओळखायचं. पुढची वाट त्यावर ठरते.

ती एक छोटी पेटी असेल, आत दोन किंवा चार डिस्क सरकवलेल्या आणि पुढे लुकलुकणारे दिवे, तर ती नॅस आहे. सिनॉलॉजी आणि क्यूनॅप या तिच्या नेहमी दिसणाऱ्या कंपन्या. नॅसला नेटवर्कवरून झालेल्या डिलीटसाठी स्वतःचं रिसायकल बिन ठेवता येतं. सिनॉलॉजीत प्रत्येक शेअर फोल्डरच्या आत, हॅशच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या ‘रिसायकल’ नावाच्या फोल्डरमध्ये ते असतं, पण ते त्या शेअरसाठी चालू केलेलं असावं लागतं. कित्येकदा ते फक्त ॲडमिनलाच दिसेल असं लावलेलं असतं. म्हणून साध्या लॉगिनने काही दिसलं नाही तरी निराश होऊ नये, ॲडमिनच्या लॉगिनने ब्राउझरमधून आत जाऊन बघावं. उडालेलं फोल्डर तिथे मूळच्या मांडणीसह पडलेलं सापडतं. ते उचलून जागेवर ठेवलं की काम झालं. बिन ठरावीक दिवसांनी आपोआप रिकामं होईल असंही लावता येतं, त्यामुळे ‘उद्या बघू’ म्हणणं बरं नाही. लिनक्सवर सांबा वापरून बनवलेल्या सर्व्हरलाही अशी सोय जोडता येते. मात्र ती आधी कुणी जोडलेली असेल तरच.

मेन मशीनवर विंडोज सर्व्हर असेल, तर मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो मार्ग ‘शॅडो कॉपी’चा. विंडोज सर्व्हर 2003 पासून तो उपलब्ध आहे आणि तरीही कित्येक कचेऱ्यांना तो माहीत नसतो. ठरलेल्या वेळी सर्व्हर डिस्कच्या त्या क्षणाच्या स्थितीची खूण करून ठेवतो. तो सगळ्या फायलींची नक्कल करत नाही. त्या खुणेनंतर डिस्कचा एखादा तुकडा बदलणार असेल, तर बदलण्याआधीचा तुकडा बाजूला काढून ठेवतो. हे तुकडे 16 केबीचे असतात. म्हणून फार जागा न खाता काल दुपारचं फोल्डर काल दुपारी होतं तसं पुन्हा उभं करता येतं. ही सोय चालू केली आणि वेळा बदलल्या नाहीत, तर खुणा सोमवार ते शुक्रवार, सकाळी 7 आणि दुपारी 12 वाजता होतात. त्यांना डिस्कच्या साधारण 10 टक्के जागा मिळते आणि एका डिस्कवर जास्तीत जास्त 64 खुणा राहतात. जागा संपली की सगळ्यात जुनी खूण जाते.

हे वापरायला सर्व्हरजवळ जावं लागत नाही, स्वतःच्या टेबलावरूनही होतं. उडालेली फाईल ज्या फोल्डरमध्ये होती त्यावर राइट क्लिक करा, ‘प्रॉपर्टीज’ उघडा आणि ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’ या टॅबवर जा. तारखा आणि वेळांची यादी दिसेल. फोल्डरच गेलं असेल तर त्याच्या वरच्या फोल्डरवर हेच करायचं. वरही काही नसेल तर थेट झेड ड्राइव्हवर राइट क्लिक करायचं. डिलीट झाल्याची जी वेळ कागदावर लिहून ठेवली आहे, तिच्या आधीची सगळ्यात जवळची ओळ निवडायची आणि ‘ओपन’ दाबायचं. जुनं फोल्डर एका वेगळ्या खिडकीत, फक्त वाचता येईल असं उघडतं. त्यातलं हवं ते निवडून कॉपी करायचं आणि डेस्कटॉपवर नव्या फोल्डरमध्ये ठेवायचं.

शेजारी ‘रिस्टोअर’ नावाचंही एक बटण दिसतं. घाईत माणसं तेच दाबतात आणि एका फाईलसाठी सगळं फोल्डर दुपारच्या स्थितीला नेऊन ठेवतात. म्हणजे दुपारी 12 नंतर दुसऱ्या कुणी चार फायलींमध्ये नोंदी केल्या असतील, तर त्या चारही फायली जुन्या होतात आणि एका चुकीच्या पाच चुका होतात. आधी ‘ओपन’, मग कॉपी, हा क्रम कचेरीत सगळ्यांना माहीत असावा.

नॅसवर स्नॅपशॉट चालू असतील तर त्यांचंही तत्त्व हेच आहे, आणि ते सोयीनुसार याच ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’ टॅबमध्ये दिसू शकतात. म्हणून समोरची पेटी कोणतीही असली तरी ही टॅब एकदा उघडून बघायला काही जात नाही.

आता तिसरा प्रकार, आणि गावातल्या छोट्या कचेरीत बहुधा हाच असतो. मेन मशीन म्हणजे साधा विंडोज 10 किंवा 11 चा पीसी, त्यावरचं एक फोल्डर शेअर केलेलं. साध्या विंडोजवर अशा शेअरला एका वेळी 20 मशीन जोडता येतात, त्यामुळे कचेरीचं काम विनातक्रार चालतं आणि वेगळा सर्व्हर घ्यावा असं कुणाला वाटत नाही. पण यात सर्व्हरसारखं शॅडो कॉपीचं वेळापत्रक लावायची तयार सोय नसते. मेन मशीनवर बसून त्या फोल्डरची ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’ टॅब तरीही बघावी. कुणी ‘फाईल हिस्टरी’ चालू करून बाहेरची डिस्क जोडून ठेवली असेल किंवा रिस्टोअर पॉइंट तयार झालेले असतील, तर तिथे जुन्या प्रती निघतात. फाईल हिस्टरीचं ठरलेलं माप तासाला एक प्रत असं असतं.

सामायिक फोल्डर गूगल ड्राइव्हवर असेल तर नियम वेगळे. तिथे ट्रॅशमध्ये गेलेली फाईल 30 दिवस राहते. पण ती मालकाच्या ट्रॅशमध्ये असते, म्हणून फाईल कुणाच्या खात्यावर तयार झाली होती, ते आधी विचारावं. फाईल आपल्या मालकीची नसताना कुणी ती सामायिक फोल्डरमधून नुसती काढून टाकली, तर ती मालकाच्या खात्यात तशीच असते, फक्त त्या फोल्डरमध्ये दिसत नाही. संस्थेकडे वर्कस्पेसचं खातं असेल तर ट्रॅश रिकामी झाल्यावरही ॲडमिनला पुढचे 25 दिवस फायली परत आणता येतात. वनड्राइव्हच्या कार्यालयीन खात्यात ही मुदत 93 दिवसांची आहे.

इथवर काहीच हाती लागलं नाही, तर सॉफ्टवेअर लावण्याआधी माणसांना विचारायचं. ही फाईल आणखी कुठे गेली होती? लेखापरीक्षकाला मेल केली होती का, बँकेला पाठवली होती का, सचिवांनी घरी काम करायला पेनड्राइव्हवर नेली होती का, व्हॉट्सॲपवर कुणाला धाडली होती का? 1998 मध्ये पिक्सार कंपनीत ‘टॉय स्टोरी 2’ या चित्रपटाच्या फायली एका चुकीच्या आज्ञेने सर्व्हरवरून पुसल्या गेल्या, आणि बॅकअप नीट चालत नव्हता हे तेव्हाच कळलं. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन यांच्यामुळे. बाळंतपणानंतर त्या घरून काम करत होत्या आणि त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर चित्रपटाची प्रत होती. पतसंस्थेच्या सचिवांच्या घरचा लॅपटॉप हे तेवढंच महत्त्वाचं ठिकाण आहे. एक्सेलमधली ‘रीसेंट’ यादीही बघावी. तिथे फाईलचं अचूक नाव आणि जागा दिसते, म्हणजे निदान काय शोधायचं ते पक्कं होतं.

यानंतरचा मार्ग रिकव्हरी सॉफ्टवेअरचा. इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून सावकाश जाऊ. मायक्रोसॉफ्टचं ‘विंडोज फाईल रिकव्हरी’ फुकट मिळतं, 2020 पासून आहे. रेकुव्हा आहे, आणि क्रिस्तोफ ग्रेनिए यांचं फोटोरेक आहे. झेड ड्राइव्हवर यांचा उपयोग नेटवर्कमधून होत नाही. मायक्रोसॉफ्टने तर आपलं साधन नेटवर्कवरच्या शेअरसाठी चालत नाही असं सांगूनच ठेवलं आहे. कारण ही सॉफ्टवेअर डिस्कचे तुकडे थेट वाचतात, आणि नेटवर्कच्या रस्त्याने फक्त फायली दिसतात, डिस्क दिसत नाही. म्हणजे जावं लागतं पुन्हा त्या कोपऱ्यातल्या मशीनकडेच.

तिथे गेल्यावर दोन गोष्टी करू नयेत. ज्या डिस्कवरून फाईल गेली तिच्यावर हे सॉफ्टवेअर उतरवू नये, आणि सापडलेल्या फायली तिच्यावरच सेव्ह करू नयेत. दोन्ही वेळा आपण शोधत असलेली जागाच भरली जाण्याचा धोका असतो. सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर आणावं, सापडलेलं दुसऱ्या बाहेरच्या डिस्कवर उतरवावं. विंडोज आणि डेटा दोन्ही सी ड्राइव्हवर असतील, तर मशीन नुसतं चालू असलं तरी विंडोज मागे काही ना काही लिहीत राहतं. अशा वेळी मशीन बंद करून डिस्क काढावी, दुसऱ्या मशीनला दुय्यम डिस्क म्हणून जोडावी आणि तिथून शोधावं. ओळखीच्या कॉम्प्युटरवाल्या दादाला फोनवरच विचारावं, “दादा, डिस्क काढून तुमच्या मशीनला लावून बघाल ना? हिच्यावर काही इन्स्टॉल करायचं नाही.” हे दुसरं वाक्य विसरू नये.

फोटोरेकसारखं साधन डिस्कची नोंदवही बाजूला ठेवून थेट मजकूर ओळखतं. त्यामुळे फायली परत मिळाल्या तरी त्यांची नावं बहुधा मिळत नाहीत. एक अक्षर आणि पुढे लांबलचक आकडा अशा नावाच्या शेकडो फायलींचा ढीग समोर येतो. त्यातून आपलं काढायला एक-एक फाईल उघडावी लागते. आकाराने आणि प्रकाराने वेगळ्या केल्या, आधी एक्सेलच्या घेतल्या, तर काम थोडं आटोक्यात येतं.

आणि मेन मशीनमध्ये एसएसडी असेल तर मन घट्ट करावं लागतं. जुन्या फिरत्या डिस्कवर मोकळी झालेली जागा कुणी वापरेपर्यंत तशीच राहते. एसएसडीवर विंडोज फाईल डिलीट झाल्यावर लगेच ‘ट्रिम’ नावाची आज्ञा पाठवतं आणि एसएसडी ती जागा आतून साफ करायला घेते. तिथे सॉफ्टवेअरने काही सापडणं फार विरळ. मशीन वेगवान व्हावं म्हणून कचेऱ्या एसएसडी बसवतात आणि ते योग्यच आहे, पण त्याबरोबर चुकीला मिळणारी सवलत संपते, हे बसवणाऱ्याने सांगायला हवं. आणि डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल तर एकही सॉफ्टवेअर चालवू नये. डिस्क बंद करून पुण्यातल्या डेटा रिकव्हरीवाल्यांकडे द्यावी.

फाईल परत आली की काम संपलं असं वाटतं, पण पुढचा अर्धा तास फार महत्त्वाचा असतो. फाईल उघडून बघायची, शेवटची नोंद कोणत्या तारखेची आणि किती वाजेपर्यंतची आहे ते पाहायचं. दुपारी 12 ची प्रत मिळाली आणि डिलीट 4 वाजता झालं, तर मधल्या चार तासांच्या नोंदी पुन्हा कराव्या लागतात. इथे गावातल्या संस्था शहरातल्या कित्येक कार्यालयांपेक्षा मजबूत असतात, कारण त्यांच्याकडे अजून कागद आहे. पावती पुस्तकाचे अनुक्रमांक, दूध संकलनाच्या चिठ्ठ्या, हाताने लिहिलेली रोजकीर्द. त्यावरून चार तास उभे करता येतात. बेरीज शेवटच्या छापील ताळ्याशी जुळवायची आणि मगच फोल्डर झेड ड्राइव्हवर परत ठेवायचं. ठेवल्यावर दुसऱ्या एका मशीनवरून ते उघडतंय का ते बघायचं, कारण कॉपी करून आणलेल्या फायलींना नव्या जागेच्या परवानग्या लागतात आणि एखाद्याला ‘ॲक्सेस डिनाइड’ येतं.

आता पुढच्या वेळेची सोय. नॅसवर दोन डिस्क एकमेकींची नक्कल ठेवतात, त्या भरवशावर बरेच जण निश्चिंत असतात. त्या रचनेचं नाव रेड. एक डिस्क बिघडली तर दुसरी काम चालू ठेवते, एवढंच तिचं काम. तुम्ही डिलीट केलं की ते दोन्ही डिस्कवर एकाच क्षणी होतं. शॅडो कॉपीही त्याच डिस्कवर असते, आणि खंडणीसाठी फायली कुलूपबंद करणारे व्हायरस बहुधा आधी त्या शॅडो कॉपीच पुसतात. मार्च 2021 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या म्हणजे एमआयडीसीच्या सर्व्हरवर असा हल्ला झाला आणि कामकाज ठप्प झालं. बॅकअप वेगळ्या नेटवर्कवर, वेगळ्या ठिकाणी ठेवलेले असल्याने ते सुरक्षित आहेत, असं महामंडळाने तेव्हा सांगितलं होतं. छोट्या कचेरीसाठी ‘वेगळं ठिकाण’ म्हणजे दोन बाहेरच्या डिस्क पुरेशा आहेत. एक आठवडाभर जोडलेली, दुसरी काढून संस्थेच्या तिजोरीत किंवा सचिवांच्या घरी. दर शनिवारी अदलाबदल.

बॅकअपमध्ये अंतिम अहवालाची पीडीएफ ठेवून भागत नाही, मूळ नोंदीही हव्यात. पिंपळवंडीच्या जवळच खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची. तिने 2010 ते 2012 या काळात 150 मेगाहर्ट्झवर आकाशाची पाहणी केली. त्या निरीक्षणांचा कच्चा डेटा संग्रहात जपून ठेवला होता. पुढे हुईब इंटेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच डेटा नव्या पद्धतीने पुन्हा तपासला आणि 2017 साली सुमारे 6 लाख 20 हजार रेडिओ स्रोतांची सूची प्रसिद्ध केली. फक्त तयार चित्रं ठेवली असती, तर हे झालंच नसतं. दूध बिलांची मूळ एक्सेल आणि टॅलीचा मूळ डेटा यांचंही तसंच आहे. त्यातून पुढे काहीही पुन्हा काढता येतं.

वेळापत्रकाकडे मात्र नीट लक्ष द्यावं लागतं. बॅकअपची साधनं रात्रीची वेळ सुचवतात आणि शॅडो कॉपी सकाळी 7 ची. पण गावातली कचेरी संध्याकाळी कुलूप लावताना मेन स्विच बंद करते. रात्री 2 वाजता मशीनच बंद असेल तर बॅकअप कोण घेणार? कित्येक ठिकाणी वर्षभर ‘बॅकअप लावलेला आहे’ असं सगळे समजून असतात आणि डिस्कवर एकही फाईल नसते. वेळा कामाच्या तासांत आणाव्यात: सकाळी 11, दुपारी 2 आणि संध्याकाळी 5. वीज जाण्याच्या भागात मेन मशीनला आणि नेटवर्कच्या डब्यालाही यूपीएस असावा, म्हणजे प्रत अर्ध्यावर तुटत नाही.

31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या कंपनीत एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवरचं फोल्डर पुसायला सुरुवात केली. काही क्षणांत लक्षात येऊन त्याने थांबवलं, पण तोवर 300 जीबीपैकी साधारण साडेचार जीबीच उरले होते. कंपनीकडे बॅकअपचे अनेक मार्ग होते आणि ऐन वेळी ते कामाचे ठरले नाहीत. रोजचा बॅकअप गुपचूप अपयशी होत होता आणि तसं सांगणारे ईमेलही पोहोचत नव्हते. शेवटी सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली एक प्रत कामी आली. जगभरचे प्रोग्रामर जिच्यावर विसंबतात त्या कंपनीचं हे झालं, म्हणून आपल्या बॅकअपची परीक्षा घेण्यात कमीपणा वाटू नये.

ही परीक्षा घ्यायला वेळही थोडाच लागतो. महिन्यातून एका शनिवारी झेड ड्राइव्हवर ‘चाचणी’ नावाची एक्सेल फाईल करायची, तिच्यात त्या दिवसाची तारीख आणि चार आकडे लिहायचे. प्रत घेण्याची वेळ उलटून गेली की ती मुद्दाम डिलीट करायची. मग कचेरीतल्या सगळ्यात नव्या माणसाला बसवून, कॉम्प्युटरवाल्याला फोन न करता, ती परत आणायला सांगायची. किती मिनिटं लागली आणि कुठे अडलं, ते वहीत लिहायचं. अडतं ते बहुतेक वेळा पासवर्डवर. नॅसचा किंवा मेन मशीनचा ॲडमिन पासवर्ड फक्त बसवून देणाऱ्यालाच माहीत असतो, आणि तो त्या दिवशी लग्नाला जुन्नरला गेलेला असतो. तो पासवर्ड लिहून, लिफाफ्यात बंद करून, अध्यक्ष आणि सचिव यांच्या सह्या घेऊन तिजोरीत ठेवावा. बदलला की लिफाफाही बदलावा.